पाण्याचे वजन करणारे रॉबर्ट बॉईल

विहिरीतून पाणी शेंदणाऱ्या प्रत्येकास एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. पोहरा भरून पाण्याखाली असतो तोवर दोरास ओढ अशी लागत नाही. तोच पाण्यावर आला म्हणजे हातास त्याचा भार कळतो. या अनुभवाचा आधार घेऊन युरोप खंडातील विद्यापीठांतले पंडित कित्येक शतके असे शिकवीत असत की, पाण्यास पाण्यात वजन नसते. प्रत्येक तत्त्व आपापल्या स्थानी असले म्हणजे भारहीन होते, असा त्यांचा सिद्धान्त होता. वाचकांस हा केवळ शब्दांचा वाद वाटेल. परंतु पाण्याचे वजन स्थान पाहून नाहीसे होते असे एकदा मानिले, म्हणजे पाण्यात तोलून सोने, औषधे व नाणी पारखण्याच्या साऱ्या कृतीचा पायाच डळमळीत होतो; आणि पारख डळमळली म्हणजे फसविणाऱ्याचे फावते व गरिबाची हानी होते. हा सिद्धान्त ज्यांनी तराजू हाती घेऊन खोडून काढिला, त्यांपैकी एका ख्रिस्ती गृहस्थाचे चरित्र आम्ही या अंकी सांगणार आहो.

रॉबर्ट बॉईल यांचा जन्म 25 जानेवारी 1627 रोजी आयर्लंडच्या दक्षिणेस लिस्मोर येथील किल्ल्यात झाला. त्यांचे वडील रिचर्ड बॉईल हे कॉर्कचे पहिले अर्ल होत. ते तरुणपणी इंग्लंडातून आयर्लंडात आले तेव्हा त्यांच्यापाशी फारसे काही नव्हते. पुढे त्यांनी इतक्या जमिनी मिळविल्या की, त्या राज्यातील अतिश्रीमंतांत त्यांची गणना होऊ लागली. रॉबर्ट हे त्यांचे चौदावे अपत्य. श्रीमंतांची मुले लाडाने नाजूक होतात असे वडिलांचे मत असल्यामुळे हे मूल तान्हेपणीच खेड्यातील एका दाईकडे वाढावयास ठेविले होते. ते तीन वर्षांचे झाले तोच त्यांची आई मरण पावली. लहानपणी बोबड्या मुलांची नक्कल करता करता त्यांस स्वतःसच तोतरेपणा जडला, तो जन्मभर पुरता गेला नाही. पुढे ज्यांचे ग्रंथ देशोदेशी वाचले गेले त्या पुरुषास मुखाने बोलताना अडखळावे लागत असे.

आठव्या वर्षी त्यांस ईटन येथील शाळेत घातले, आणि बाराव्या वर्षी एका शिक्षकाबरोबर परदेशी धाडिले. जिनीव्हा नगरात राहात असता एके रात्री भयंकर मेघगर्जना होऊ लागल्या व विजा चमकू लागल्या. न्यायाचा दिवसच आला असे त्या मुलास वाटले, आणि आपली तयारी नाही या जाणिवेने तो थरथर कापला. येथून पुढे देवाकरिता जगावयाचे असा निश्चय त्याने त्या रात्री केला. पुष्कळ चरित्रकार येथेच थांबतात; परंतु पुढील गोष्ट आमच्या मते अधिक महत्त्वाची आहे. काही काळाने डोंगरातील एका प्रसिद्ध मठास भेट दिली असता त्याच मुलाच्या मनात विश्वासाविषयी इतके घोर संशय उठले की, जीव नकोसा व्हावा. कित्येक महिने हा अंधार राहिला. शेवटी प्रभूभोजनाच्या वेळी त्यास शांती लाभली. तथापि संशय पुन्हा कधीच आले नाहीत असे झाले नाही. त्यामुळे पुढे बॉईल यांनी विश्वासाची कारणे तपासून पाहण्याचा, मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्र वाचण्याचा परिपाठ ठेविला. त्यांनी सुरियानी व खास्दी भाषांचाही अभ्यास केला. डोळे अधू झाले असताही हा क्रम त्यांनी सोडिला नाही.

1642 च्या आरंभी ते इटलीत फ्लॉरेन्स येथे होते. त्याच जानेवारीत त्या नगराजवळ वृद्ध व अंध गॅलिलिओ मरण पावला. इकडे आयर्लंडात बंड होऊन घरचा पैसा येणे बंद झाले, 1643 त वडील वारले, आणि 1644 त सतरा वर्षांचा रॉबर्ट इंग्लंडास परत आला. स्टॉलब्रिज येथे वडिलांनी ठेविलेली जमीन त्यास मिळाली. तेथे भट्ट्या व काचेची पात्रे मांडून त्याने प्रयोगांस आरंभ केला.

त्यानंतर बॉईल ऑक्सफर्ड येथे जाऊन राहिले. तेथे रॉबर्ट हूक नावाचा फार कुशल तरुण त्यांस मदतनीस मिळाला. 1659 च्या सुमारास हूकने त्यांच्याकरिता हवा उपसण्याचा पंप तयार केला. मोठ्या काचेच्या गोलातून या पंपाने हवा काढून टाकीत, आणि हवेवाचून पदार्थांचे काय होते ते पाहात. हवेचा दाब दुप्पट केला असता तिचे आकारमान निम्मे होते हा त्यांचा नियम, जो त्यांनी 1662 त प्रसिद्ध केला, आज शाळेत मुलांस पाठ करावा लागतो. आम्हांस येथे द्रवांचे सांगावयाचे आहे, म्हणून त्या नियमाजवळ अधिक थांबत नाही. मात्र त्याच पंपाने द्रवांविषयी एक विलक्षण गोष्ट दाखविली. ऊन पाणी, जे चुलीवरून उतरून काही वेळ झाला आहे, ते त्या गोलात ठेवून हवा उपसली, तो विस्तवावाचून ते पुन्हा खळखळा उकळू लागले. पाणी किती उष्णतेस उकळावे हे केवळ विस्तवावर नाही, वरून हवा किती दाबते यावरही आहे. उंच डोंगरावर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी लवकर उकळते आणि डाळ मात्र शिजता शिजत नाही, ती याच कारणाने.

आता पाण्याच्या वजनाकडे वळू. 1666 त बॉईल यांनी पाण्याच्या दाबाविषयी एक ग्रंथ छापिला. त्यातील एक प्रयोग असा आहे की, तो करावयास एक काचेची नळी, थोडे टर्पेंटाईन व पाण्याने भरलेले काचेचे भांडे एवढेच पुरते. टर्पेंटाईन पाण्याहून हलके असते व त्यावर तरंगते. ते नळीत थोडे ओढून घेऊन वरचे तोंड बोटाने बंद करावे, आणि नळी पाण्यात इतकी बुडवावी की आतील तेल व बाहेरील पाणी सुमारे एका पातळीवर येतील. मग बोट काढावे. नळीचे खालचे तोंड उघडे असूनही तेल खाली सांडत नाही. कारण खालून पाणी त्यास उचलून धरिते. नळी आणखी खाली नेली तर पाणी नळीत शिरून तेलास वर ढकलू लागते. नळी वर उचलली तर तेल खालून निसटून तरंगावयास लागते. खालच्या पाण्याने तेलास उचलावे एवढे बळ त्यास कोठून आले? वरच्या पाण्याने त्यास दाबिले आहे म्हणून. आणि वरच्या पाण्यास पाण्यात असता वजनच नसेल तर ते दाबील कशाने?

विरोधकांचे समाधान तेवढ्याने झाले नाही. तेव्हा 1669 त बॉईल यांनी साध्या तराजूनेच पाण्यातील पाण्याचे वजन करून दाखविले. काचेची एक पोकळ फुगी घेऊन तिची मान बारीक ओढून बंद केली, व ती बुडावी एवढे वजन तिला जोडिले. ती तराजूच्या एका बाजूस टांगून पाण्यात सोडिली आणि दुसऱ्या पारड्यात वजने घालून तोल साधला. मग पाण्यातल्या पाण्यातच फुगीचे टोक मोडिले. पाणी आत शिरले, आणि ती बाजू खाली गेली! पुन्हा तोल साधण्यास दुसऱ्या पारड्यात जितके वजन घालावे लागले, तितकेच, अगदी थोड्या फरकाने, आत शिरलेल्या पाण्याचे वजन भरले. पाण्याच्या पोटात असताही पाण्याचे वजन रतीभर नाहीसे झाले नव्हते.

मग विहिरीतील पोहरा हलका का लागतो? पोहऱ्यातील पाणी जितक्या भाराने खाली जाऊ पाहते, तितक्याच बळाने भोवतालचे पाणी त्यास उचलून धरिते. दोन्ही पारडी सारखी झाली म्हणजे तराजूचा काटा हालत नाही, म्हणून कोणी पारडी रिकामी आहेत असे म्हणत नाही.

दुसरा आक्षेप पाणबुड्यांचा होता. पाण्यास वजन असेल तर खोल बुडी मारणारा मनुष्य चिरडून का जात नाही? दहा मीटर खोलीवर पाण्याचा भार सगळ्या वातावरणाच्या भाराएवढा होतो, तेव्हा हा प्रश्न पोरकट नव्हे. बॉईल यांनी बेडकाचे एक लहान पिल्लू पाण्यासह काचेच्या नळीत घालून त्यावर हवेचा मोठा दाब दिला. पिल्लू किंचित आकसल्यासारखे दिसले, पण सुखाने पोहत राहिले. दाब एकाच बाजूने आला तर हाड मोडते. तो सर्व बाजूंनी सारखा आला तर मऊ शरीरही तो सोसते, असे त्यावरून दिसून आले.

येथे फ्रान्स देशातील थोर विद्वान ब्लेझ पास्कल यांचा उल्लेख केला पाहिजे. द्रवांच्या दाबाविषयी पास्कल यांनी बॉईल यांच्या आधीच सखोल विचार केला होता, आणि त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1663 त प्रसिद्ध झाला. बॉईल यांनी त्यांची मनापासून वाखाणणी केली. परंतु त्या ग्रंथात एक मनुष्य वीस फूट पाण्याखाली मांडीवर नळी टेकवून बसला आहे असा प्रयोग सांगितला होता. तो मनुष्य तेथे श्वास कसा घेणार, आणि त्यास काय दिसले हे वर कसे कळविणार, असे बॉईल यांनी सौम्यपणे विचारिले. जे हाताने केले नाही ते केल्यासारखे लिहू नये, हा त्यांचा दंडक. ते स्वतः आपले फसलेले प्रयोगही छापीत असत. कोणते पात्र फुटले, कोठून हवा शिरली, हे सारे लिहून ठेवीत. त्यामुळे त्यांचे ग्रंथ लांबट व वाचावयास कंटाळवाणे झाले आहेत हे कबूल केले पाहिजे. पण दुसऱ्याने तोच प्रयोग करून पाहावा अशी त्यांची इच्छा होती, आणि तसे करणाऱ्यास तो लांबटपणाच उपयोगी पडला.

द्रवांचे मापन करावयाचे तर प्रथम त्यांची आपसांत तुलना करावी लागते. एकाच आकाराच्या बाटलीत पाणी, मद्यार्क, तेल व पारा भरून तोलिले तर प्रत्येकाचे वजन निराळे भरते. पाणी एक लिटर घेतले तर ते एक किलो भरते. तितकाच पारा साडेतेरा किलोंहून अधिक भरतो. पाण्याच्या मानाने पदार्थ किती पट जड, या संख्येस विशिष्ट गुरुत्व म्हणतात. दुसरी रीत अशी की, एखादा भरीव तुकडा निरनिराळ्या द्रवांत टांगून तोलावा. ज्या द्रवात त्याचे वजन अधिक घटेल तो द्रव अधिक जड. तिसरी रीत तरंगत्या काचेची. खाली फुगा व वर बारीक दांडी असलेले उपकरण द्रवात सोडिले की, हलक्या द्रवात ते अधिक बुडते व जड द्रवात वर राहते. दांडीवरील रेघ पाहिली की काम झाले. आमच्या वाचकांपैकी जे दूध संस्थेत दूध घालतात ते हे उपकरण रोज पाहतात. लॅक्टोमीटर तो हाच. चांगल्या दुधात त्याची डिग्री 28 ते 32 च्या दरम्यान लागते. दुधात पाणी घातले की काच अधिक बुडते आणि डिग्री उतरते. दूध ऊन असले तरीही डिग्री कमी दिसते, कारण उष्णतेने द्रव फुगून हलका होतो. हे न कळल्यामुळे प्रामाणिक मनुष्यावरही आळ येऊ शकतो, म्हणून मापणाऱ्याने आधी दूध निवू द्यावे.

हे तरंगते उपकरण बॉईल यांच्यापूर्वी फार जुन्या काळापासून माहीत होते. त्यांनी 1675 त त्यास एक नवे काम दिले. इंग्लंडात तेव्हा गिनी नावाचे सोन्याचे नाणे 1663 पासून पाडले जात होते, आणि खोट्या नाण्यांचा त्रास फार होता. नाणे कापून वा वितळवून पाहावे तर ते नष्ट होते. कसास लावावे तर वरचा मुलामा खरा असतो. बॉईल यांनी उपकरणाच्या खालच्या टोकास चिमटा बसवून त्यात नाणे धरण्याची सोय केली व ते स्वच्छ पाण्यात सोडिले. खऱ्या गिनीचे सोने पाण्याच्या सतराअठरा पट जड असल्याने पाण्यात तिचे वजन सतराव्या-अठराव्या हिश्श्याइतकेच घटते. पितळेचे वजन आठव्या हिश्श्याच्या आसपास घटते, शिशाचे अकराव्या. म्हणून हवेत खऱ्याइतकेच वजन भरणारे हलक्या धातूचे खोटे नाणे पाण्यात अधिक उचलले जाते आणि उपकरणाची दांडी अधिक वर राहते. नाण्यास ओरखडा न पडता पारख होते. अक्षर न येणाऱ्या मजुरासही रेघ वर की खाली एवढे पाहता येते.

1690 त, मरणाच्या आदल्या वर्षी, त्यांनी औषधांची पारख पाण्यात तोलून कशी करावी यावर ग्रंथ लिहिला. औषधी दगड व खनिजे भेसळ करून विकणाऱ्यांचा तेव्हाही तोटा नव्हता. त्याआधी खनिज झऱ्यांच्या पाण्याविषयीही त्यांनी लिहिले होते. त्या पाण्यात लोह आहे की नाही हे पाहण्यास ते ओक झाडाच्या मायफळांचा काढा घालीत. लोह असल्यास पाणी काळे पडते. आमच्याकडे हिरडा व हिराकस यांची शाई करीत ती याच गुणामुळे काळी होत असे. थंडीविषयीच्या त्यांच्या ग्रंथात, पाणी गोठताना फुगते आणि बंद पात्र फोडिते, याचे पुष्कळ प्रयोग आहेत. आता आपणांस ठाऊक आहे की, गोठलेले पाणी सुमारे अकराव्या हिश्श्याने अधिक जागा व्यापिते. उष्णता मापण्याच्या नळ्यांवर प्रत्येक कारागीर मनास येतील तशा रेघा मारी, ही अडचणही त्यांच्या ध्यानात आली. सर्वांस एकच आरंभबिंदू असावा म्हणून, बडीशेपेसारख्या एका बीजाचे तेल ज्या थंडीस गोठते ती खूण धरावी, अशी त्यांची सूचना होती. ती पुढे टिकली नाही. गोठत्या पाण्याची खूण सोईची ठरली.

त्यांच्या चरित्रात आणखी एक विसंगती आहे. खोटे सोने पकडणारे हेच बॉईल हलक्या धातूचे खरे सोने करता येईल या आशेवर वर्षानुवर्षे पाऱ्याशी खटपट करीत होते. तसे सोने करण्यास मनाई करणारा जुना कायदा 1689 त रद्द झाला, त्यात त्यांचा हात होता. सोने काही झाले नाही.

त्यांच्या संपत्तीविषयीही सरळ बोलले पाहिजे. वडिलांच्या बहुतेक जमिनी आयर्लंडच्या जुन्या रहिवाशांच्या हातून गेलेल्या होत्या, आणि 1660 नंतर स्वतः रॉबर्ट यांसही तेथील जुन्या मठांच्या मालमत्तेचे उत्पन्न न मागता मिळाले. ते आपले म्हणून भोगण्यास त्यांचे मन घेईना; त्यातील पुष्कळ द्रव्य त्यांनी गरिबांस व शुभवर्तमानाच्या प्रसारास दिले. आयर्लंडच्या सामान्य लोकांस इंग्रजी येत नव्हते आणि त्यांच्या भाषेतील शास्त्र दुर्मिळ झाले होते. बॉईल यांनी स्वखर्चाने आयरिश अक्षरांचे खिळे पाडविले, 1681 त नवा करार पुन्हा छापविला व 1685 त जुना करार निघाला. जमिनीचा मोबदला पुस्तकाने फिटतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या काळी त्या लोकांची भाषा राज्यकर्त्यांस तुच्छ वाटत असे, हे ध्यानात घेता हे कृत्य लहान नव्हे.

1662 पासून ते न्यू इंग्लंडातील शुभवर्तमान प्रसारक मंडळीचे प्रमुख होते. याच मंडळीच्या साहाय्याने जॉन एलियट यांनी तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेत केलेले सबंध पवित्र शास्त्र 1663 त छापून निघाले. अमेरिकेत छापलेले सबंध शास्त्र ते हेच पहिले. बॉईल काही वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपैकीही होते. कंपनीस मुंबई बेट 1668 त मिळाले, त्यानंतरचा हा काळ. व्यापारास जहाजे जातात तर शुभवर्तमान का जाऊ नये, अशी त्यांची तळमळ होती. 1677 त मलायी भाषेतील चार शुभवर्तमाने व प्रेषितांची कृत्ये ऑक्सफर्ड येथे त्यांच्या खर्चाने छापली गेली.

1668 त ते लंडनास आपली वडील बहीण कॅथरिन, लेडी रॅनेला, यांच्या घरी राहावयास गेले, ते अखेरपर्यंत. ही विदुषी त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी होती. भावाचे प्रयोग तिच्याच घरात चालत. त्यांनी विवाह केला नाही. 1670 त त्यांस पक्षघात झाला, तरी हळूहळू पुन्हा काम करू लागले. सरदारकी व पाळकाची दीक्षा ही दोन्ही त्यांनी नाकारिली. पाळक होऊन बोलले तर लोक म्हणतील की पोटासाठी बोलतो. साधा गृहस्थ राहून साक्ष दिली तर ती अधिक निःपक्ष ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या रॉयल सोसायटीच्या स्थापनेत 1660 त ते सामील होते, तिने 1680 त त्यांस अध्यक्ष निवडिले. पण त्या पदास शपथ घ्यावी लागे, आणि शपथेविषयी त्यांचे मन फार जपून असे. म्हणून तेही त्यांनी घेतले नाही. त्यांच्या मित्रांपैकी कित्येकांस हा अतिरेक वाटला.

23 डिसेंबर 1691 रोजी कॅथरिन वारल्या. आठच दिवसांनी, 31 डिसेंबरला, रॉबर्ट बॉईल यांनीही देह ठेविला. ख्रिस्ती विश्वासाच्या समर्थनार्थ दरवर्षी प्रवचने व्हावी म्हणून मृत्युपत्रात त्यांनी पन्नास पौंडांची वार्षिक नेमणूक करून ठेविली होती, आणि पहिली प्रवचनमाला 1692 त झाली. त्यांचे दफन लंडनच्या सेंट मार्टिन मंदिरात झाले. ते जुने मंदिर पुढील शतकात पाडून तेथे नवे बांधण्यात आले, तेव्हा त्यांची कबर कोठे होती याचा मागमूस राहिला नाही.